नेम पोरीचा चुकतो की रायफलीचा?

आमच्या कामठ्यात रायफल म्हटली की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक पोलिसांची आणि दुसरी पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या माणसाच्या फोटोतली. त्यामुळे वस्तीतल्या एका मुलीसाठी रायफल विकत घ्यायची आहे, वर्गणी द्या, असे म्हणत आम्ही दारोदार फिरू लागलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "काहून जी, लढाई हाय का?" दुसरा प्रश्न जरा कठीण होता. "एवढ्या पैशात पोरीचे लग्न उरकते. खेळण्याला काहून घालता?"

मुलगी अकरावीत. वडील गोंदियाला राईस मिलमध्ये हमाल, आई बिड्या वळते. एन.सी.सी.त पॉइंट टू टू रायफलीने पहिल्याच दिवशी तिने पाच गोळ्या अशा लावल्या की शिकवणाऱ्यांनी कार्ड सांभाळून ठेवले. पुढे नागपूरला मावशीकडे राहून ती सुटीत एका रेंजवर दहा मीटर एअर रायफल शिकू लागली. पण तिथे क्लबची रायफल पाळीपाळीने मिळते. आज ही, उद्या ती. दस्ता एका मापाचा, खांदा दुसऱ्या मापाचा. स्वतःची रायफल नसलेला नेमबाज म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून पळणारा धावपटू.

नवी परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. तेवढ्यात रेंजवर कळले की एका मुलाने खेळ सोडला आहे आणि त्याचे वडील त्याची जर्मन बनावटीची रायफल विकायला काढत आहेत. किंमत एक लाख दहा हजार. मुलीच्या आईने बचत गटातून 30,000 उचलले. वडिलांचे साठवलेले 20,000. वस्तीतल्या अकरा घरांनी दोन-दोन हजार दिले, ते 22,000. पेन्शनीवर आलेल्या हवालदार काकांनी 15,000 दिले. झाले 87,000. उरलेले 23,000 मामा देणार होते. हिशेबाची वही आमच्याकडे, कारण कारकुनाला आणि त्यातही बी.कॉम. झालेल्याला दुसरे काय येते, असा सर्वांचा समज आहे.

पैसे जमले त्या रात्री विहारात बैठक झाली. उद्याच जाऊन पैसे मोजावेत, उशीर केला तर दुसरा कोणी नेईल, असे आमचेही मत होते. हवालदार काका तेवढे गप्प होते. शेवटी म्हणाले, "बैल घेता तर दात पाहता, नांगराला जुंपून पाहता. अन् हे लाखाची वस्तू नुसती पाहून घेता? अगोदर ग्रुपिंग पाहू, मग पैसे."

हवालदार काका महार रेजिमेंटचे. वाचकांना सांगायला नकोच, पण तरुणांसाठी दोन ओळी. इंग्रजांच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या लढलेल्या आपल्या लोकांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली गेली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये ती मोडली. मग दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर असताना, 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ स्वतः फौजेत सुभेदार होते. तेव्हा आपल्या घरात बंदूक नवी नाही. खेळाची बंदूक मात्र नवी आहे, आणि खेळाच्या बंदुकीला पलटणीच्या बंदुकीपेक्षा जास्त बारकाई लागते. हे आम्हाला त्या रविवारपर्यंत माहीत नव्हते.

बैठकीत एकाने सुचवले की रायफल गावात आणा, बोडीच्या पाळीवर दोन बगळे पाडून बघा, नेम कळतोच. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या घरातून ही सूचना आली, म्हणून मुद्दाम लिहितो. बगळा मारणे कायद्यानेही गुन्हा आहे. आणि बगळा पडला तर रायफल चांगली हे कोणी सांगितले? बगळा वीतभर रुंद, दहा मीटर एअर रायफलच्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. सुईच्या टोकासारखा. त्याभोवतीचे नऊचे वर्तुळ साडेपाच मिलिमीटर आणि अख्खे निशाण साडेचार सेंटिमीटरचे. एक घर चुकायला अडीच मिलिमीटर पुरतात. अशी वस्तू वावरात, गल्लीत, छपरीत तपासता येत नाही. ती रेंजवरच तपासावी लागते, जिथे मागे भिंत आहे, हुकूम आहे आणि हुकमाशिवाय कोणी पुढे जात नाही.

आमच्या गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरला जाऊन थांबते. त्या गाडीत बसताना आम्ही मुलीला म्हटले, "ही गाडी सोडली नाहीस तर नेमबाजांच्या गावाला पोचशील." कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, शिक्षकाचा मुलगा, त्या वेळी रेल्वेतला तिकीट तपासनीस. त्याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक आणले. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत मारायचे असते. मुलाच्या या खेळासाठी वडिलांनी कर्ज काढल्याचे पदकानंतर वर्तमानपत्रांत आले, ते आमच्या वस्तीत दोनदा वाचून दाखवावे लागले. आणि मुंबईच्या अंजली भागवत? त्याही कॉलेजातल्या एन.सी.सी.मधूनच या खेळात आल्या आणि सन 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. मुलगी हे ऐकत होती की खिडकीतून बाहेर बघत होती, कोण जाणे.

रेंजवर विक्रेते गृहस्थ आधीच आलेले. सभ्य माणूस. रायफल पेटीत, नळीत नियमाप्रमाणे भडक रंगाची सुरक्षा दोरी घातलेली. चकचकीत वस्तू. हातात घेताच मुलीचा चेहरा असा झाला की आमच्यातला हिशेबनीस तिथेच हरला असता. हवालदार काकांनी आधी वस्तूकडे बघितलेच नाही. त्यांनी हवेचा सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख शोधली.

या रायफलीत दारू नसते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाने हवा भरतात. चाप ओढला की तिच्यातली थोडी हवा सुटते आणि साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगाने जातो. एवढ्या दाबाच्या सिलिंडरला उत्पादक सहसा दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेला गेलात तर जबाबदारी खेळाडूची. या सिलिंडरची मुदत संपायला चौदा महिने उरले होते. आम्ही वहीत लिहिले. गृहस्थ म्हणाले, "अहो, हे मलाही ठाऊक नव्हते."

मग मुलीने बसून, नळी उशीवर टेकवून पाच छर्रे मारले. नवे कार्ड लावून पुन्हा पाच. पुन्हा पाच. पहिल्या कार्डावर छर्रे उजवीकडे सातात, दुसऱ्यावर डावीकडे वर आठात, तिसऱ्यावर पुन्हा उजवीकडे पण खाली. मुलगी रडकुंडीला आली. गृहस्थ समजूत काढत म्हणाले, "पोरीचा हात नवा आहे, सवय होईल. माझ्या मुलाचेही असेच व्हायचे."

येथे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो की आम्हालाही तसेच वाटले. आपल्या पोरीला जमत नाही, हे मान्य करायला आपण किती चटकन तयार होतो! वर्गात मागे पडला की पोरगा ढ, मशीनवर माल बिघडला की मजूर आळशी. पुस्तक फाटके होते का, मशीन झिजले होते का, हे नंतर. बहुधा कधीच नाही.

हवालदार काकांनी तिन्ही कार्डे ओळीने मांडली आणि म्हणाले, "नीट पाहा. प्रत्येक कार्डावर पाचही छर्रे जवळ जवळ पडले हायत. हात कच्चा असता तर पाच दिशांना पाच गेले असते. गट लहान हाय, पण गट जागा बदलते. पोरगी नाही हालत, काहीतरी दुसरे हालते."

रेंजच्या प्रशिक्षकांना हे पटले. त्यांनी आतून लोखंडी शिकंजा आणला आणि टेबलाला बोल्टने आवळला. रायफल त्यात पकडली की माणूस मधून निघून जातो. खांदा नाही, श्वास नाही, डोळा नाही. साइटमधून बघायचेही नाही. फक्त नळी, हवा आणि छर्रा. आधी आठ-दहा छर्रे असेच सोडले, कारण बरेच दिवस पडून राहिलेल्या नळीचे पहिले छर्रे धरायचे नसतात. मग पाच-पाचाचे गट. एक प्रकारचा छर्रा, मग दुसरा, मग तिसरा. छर्रे दिसायला सारखे, पण डोक्याचे माप कुणाचे 4.49, कुणाचे 4.50, कुणाचे 4.51 मिलिमीटर, आणि प्रत्येक नळीला आपापला छर्रा मानवतो. एका डबीने भोक आठ मिलिमीटरचे पडले. दुसऱ्या डबीचे पाचही छर्रे एकाच भोकात शिरले. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेसहा मिलिमीटर. त्यातून छर्‍याची जाडी साडेचार वजा केली की उरले दोन. म्हणजे पाच छर्‍यांचे मध्य दोन मिलिमीटरच्या आत. हे वजाबाकीचे काम आम्ही केले आणि तीनदा केले.

सिलिंडर न भरता चाळीस छर्रे सोडून पाहिले. हवा कमी होते तसे छर्रे खाली उतरू लागले, कार्डावर उभी रांग दिसू लागली, तर आतल्या झडपेत दोष समजायचा. तसे झाले नाही. दस्त्याचे स्क्रू आवळून पाहिले, ते घट्ट होते. नळी चांगली, झडप चांगली.

राहिली मागची साइट. डोळ्याजवळ असते ती, बारीक भोकाची, बाजूला दोन फिरकी असलेली. फिरकी फिरवली की खट् खट् वाजते आणि नेम एकेका खटक्याने डावीउजवीकडे, वरखाली सरकतो. प्रशिक्षकांनी मुलीला पुन्हा उशीवर बसवले. पाच छर्रे मार. आता वीस खटके डावीकडे, पाच मार. वीस वर, पाच मार. वीस उजवीकडे, पाच. वीस खाली, पाच. साइट निरोगी असेल तर शेवटचा गट पहिल्या गटावरच येऊन बसतो, चौकोन पूर्ण होतो. आमचा चौकोन जुळलाच नाही. शेवटचा गट पहिल्यापासून तीन मिलिमीटर दूर पडला, म्हणजे एका घराहून अधिक. प्रशिक्षकांनी साइटला बोटाने हळूच दाबले. ती हलली. डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पण नखाला कळेल इतकी. आतला स्क्रू झिजला होता. रायफल पेटीत ठेवली, काढली, खांद्यावर घेतली, की साइट आपली जागा सोडायची.

त्यांनी रेंजवरच्या दुसऱ्या रायफलीची साइट काढून या रायफलीवर चढवली. मुलीने पाच मारले, उठली, रायफल खाली ठेवली, पुन्हा घेतली, पाच मारले. पुन्हा तसेच. तिन्ही गट एका जागी. मग ती उभी राहिली, उशी नाही, टेकू नाही, आणि दहा छर्रे मारले. नऊ आणि दहाच्या बाहेर एकच गेला, तो आठात.

हवालदार काका काही बोलले नाहीत. आम्ही बोलणार होतो, पण विक्रेत्या गृहस्थांकडे लक्ष गेले. ते पहिली तीन कार्डे हातात घेऊन उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दोन वर्षे माझ्या मुलाची कार्डे अशीच यायची. एक दिवस चांगला, एक दिवस वाईट. मी म्हणायचो, तुझे लक्ष नाही, मोबाइल बघतोस. शेवटी त्यानेच सोडून दिले." त्यांना काय सांगावे हे आमच्यापैकी कोणालाच सुचेना. प्रशिक्षकांनी चहा मागवला.

चहानंतर गृहस्थ आपण होऊन म्हणाले, रायफल 70,000 ला घ्या, जुनी साइट मी ठेवतो. ती साइट त्यांना कशाला हवी होती, आम्ही विचारले नाही. दुसरी वापरलेली पण तपासलेली साइट प्रशिक्षकांच्या ओळखीने 13,500 ला मिळाली. तिचाही आम्ही चौकोन काढून घेतला. आता आम्हाला कशावरही विश्वास नव्हता.

व्यवहार कागदावर केला. याबाबत लोकांत फार गैरसमज आहेत. पॉइंट टू टू ही गोळीची रायफल. तिला परवाना लागतोच, आणि परवाना नसलेल्याने ती जवळ ठेवणे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. स्पर्धेतली साडेचार मिलिमीटरची हवेची रायफल त्यात बसत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत 20 ज्यूलपेक्षा अधिक ताकदीच्या किंवा साडेचार मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या हवाई बंदुकीला परवाना सांगितला आहे, आणि दहा मीटरच्या रायफलीची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास असते. तरीसुद्धा आम्ही शंभराच्या स्टॅम्पपेपरवर रायफलीचा क्रमांक, दोघांची ओळखपत्रे, तारीख आणि रक्कम लिहून घेतली. मूळ खरेदीची पावतीही घेतली. आपल्या पोरीच्या खांद्यावर लांब पेटी बघून वाटेत कोणी अडवले तर तिच्याजवळ कागद असला पाहिजे. इतरांना हसून सोडतात, आपल्याला कागद विचारतात, हा अनुभव वाचकांना नवा नाही.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. पेटी कुलूपबंद, दोन बाकांच्या मध्ये उभी, आणि मुलगी तिला धरून तुमसरपर्यंत उभी. नंतर एका आजीने सरकून जागा दिली आणि विचारले, "पेटीत काय हाय बाई, तंबोरा?" मुलगी म्हणाली, "होय जी." आम्ही हसलो, पण तिने बरे केले असे वाटते. रेल्वेच्या डब्यात रायफल हा शब्द उच्चारून काय झाले असते, देव जाणे म्हणायची आमची रीत नाही, पण गोंधळ नक्की झाला असता.

दुसऱ्या दिवशी विहारात वही वाचून दाखवली. जमा 87,000. रायफल 70,000, साइट 13,500. शिल्लक 3,500, त्यातून मानवलेल्या छर्‍यांच्या डब्या. एकच प्रकार, एकाच तुकडीतल्या, कारण डबी बदलली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. प्रवासखर्च ज्याचा त्याने केला. मामांचे 23,000 घ्यायचे नाहीत असे एकाने सुचवले, तर मुलीच्या आईने हात वर केला. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती. म्हणाली, "घ्या. चौदा महिन्यांनी सिलिंडर लागेल."

ते पैसे पोस्टात टाकले आहेत. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर ती मुदतीची तारीख आम्ही लाल शाईने लिहिली आहे आणि तिच्याखाली ते साडेसहा मिलिमीटरचे भोक पडलेले कार्ड चिकटवले आहे. वर्गणी दिलेल्या अकरा घरांतून लोक ते बघायला येतात. कार्ड उजेडापुढे धरतात, भोकातून पलीकडे बघतात, आणि विचारतात, "याच्यातून पाच गेले?"